तुटलेली नस, दिवसाला एक मिलिमीटर आणि जनुकोपचाराचं वेळापत्रक

ऊस तोडताना उजव्या हातात कोयता असतो आणि डाव्या मुठीत ऊस. घाव चुकला की तो डाव्या हातावर बसतो, बोटांवर नाहीतर मनगटावर. बीड, जालना, परभणी, धाराशिवकडून दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या तोडणी कामगारांना ही इजा नवी नाही. फडावर फडकं बांधतात, जवळच्या दवाखान्यात टाके पडतात, धनुर्वाताचं इंजेक्शन होतं, दहा-बारा दिवसांनी टाके निघतात. मग घरात प्रश्न सुरू होतो. टाके तर वाळले, मग करंगळी अन् शेजारचं बोट सरळ का होईना? चिमटा काढला तरी कळंना का?

कारण सोपं आहे. कातडी जोडली गेली, आतली नस तशीच राहिली. किंवा कुणी हुशार सर्जनने नसही जोडली, पण जोडलेली नस लगेच चालू होत नाही. का होत नाही, हे समजायला विज्ञानाला दीडशेहून जास्त वर्षं लागली आणि ते काम अजून संपलेलं नाही. गेल्या तीसेक वर्षांत त्यात जनुकोपचार, म्हणजे पेशींना जनुक देऊन करायचा उपचार, आला. अ‍ॅमस्टरडॅममधल्या योस्ट फेरहाखेन या संशोधकाने या एकाच प्रश्नावर अख्खी कारकीर्द घालवली. त्याच्या हाती जे लागलं, ते मला कुठल्याही चमत्कारी औषधापेक्षा जास्त रंजक वाटतं. म्हणून हा लेख.

नसेच्या आत

मनगटातून पंजात उतरणाऱ्या मोठ्या नसा दोन: करंगळीच्या बाजूची अल्नर आणि मधली मीडियन. अल्नर कापली की करंगळी आणि अनामिकेची कड बधिर होते, बोटं फाकवता येत नाहीत, चिमूट ढिली पडते आणि काही आठवड्यांत ती दोन बोटं आत वळू लागतात. मीडियन कापली तर अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं, अंगठा बाकी बोटांसमोर येत नाही. सुईत दोरा ओवणं, शर्टाचं बटण लावणं, पेरणीला चिमटीतून एकेक बी सोडणं अवघड होऊन बसतं.

नस म्हणजे हजारो बारीक तंतूंची जुडी. यातला प्रत्येक तंतू एकाच पेशीचा लांबलेला भाग असतो. तळपायाचे बारीक स्नायू हलवणाऱ्या पेशीचं उदाहरण घ्या. तिचा मुख्य भाग पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत, कमरेच्या थोडं वर असतो, आकाराने मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. तिचा तंतू मात्र तिथून निघून मांडी, पोटरी, घोटा पार करत जवळपास एक मीटर जातो. त्या तंतूला लागणारं जवळजवळ सगळं प्रथिन वर पेशीतच तयार होतं आणि खाली पाठवलं जातं. त्यामुळे तंतू मध्येच कापला, तर कापाच्या खालचा भाग आपल्या बळावर जगू शकत नाही.

हे पहिल्यांदा नीट दाखवलं ऑगस्टस वॉलर या इंग्रज डॉक्टरने, १८५० मध्ये. त्याने बेडकाच्या जिभेच्या नसा कापल्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की कापाच्या पलीकडचे तंतू काही दिवसांत तुकडे तुकडे होऊन विरून जातात. सर्जनने कितीही सुरेख टाके घातले तरी हे थांबत नाही. टाक्यांनी नसेचं बाहेरचं वेष्टण जुळतं, आतले तंतू जुळत नाहीत. ते कापापासून टोकापर्यंत नव्याने वाढवावे लागतात.

या कामात खरी मेहनत श्वान पेशींची असते. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पेशी एरवी तंतूभोवती मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टण गुंडाळून बसलेल्या असतात. तंतू मेला की त्या आपलं नेहमीचं काम सोडतात, मोडतोड झालेलं मायलिन गिळायला लागतात, रक्तातून आलेल्या भक्षक पेशींना हाताशी घेतात आणि मग जुन्या नळीत एकामागे एक ओळीने उभ्या राहून वाढीची प्रथिनं सोडू लागतात. वरून नवा तंतू त्या ओळीला धरून खाली सरकतो. त्याच्या टोकाला पसरट, सतत चाचपडणारा एक भाग असतो. सांतियागो रामोन ई काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाला तो १८९० मध्ये कोंबडीच्या भ्रूणात दिसला आणि त्याने त्याला वाढीचा शंकू म्हटलं.

हे सगळं सुरळीत झालं तर माणसात वेग पडतो दिवसाला साधारण एक मिलिमीटर.

हा वेग डोळ्यांनी बघता येतो. लातूरला एका फिजिओथेरपीच्या खोलीत मी पाहिलं. कोपराखाली नस जोडलेल्या मुलाचा हात टेबलावर पालथा ठेवून थेरपिस्ट मनगटाकडून कोपराकडे बोटाने हलकेच टिचक्या मारत वर येत होती. एका जागी तो एकदम म्हणाला, "इथं. करंगळीत करंट मारला." तिने बॉलपेनने तिथं रेघ ओढली आणि आदल्या महिन्याच्या नोंदीशी अंतर ताडून पाहिलं. रेघ जवळपास तीन सेंटीमीटर खाली सरकली होती. सोबत आलेल्या आईला तिने सांगितलं, "मावशी, नस चालतीय. पण अजून लांब जायचंय." वाढणारी कोवळी टोकं टिचकीला अशी दाद देतात. हे १९१५ मध्ये झ्यूल तिनेल या फ्रेंच आणि पाउल होफमान या जर्मन डॉक्टरने वेगवेगळं नोंदवलं. पहिल्या महायुद्धात दोघांचे देश एकमेकांवर तोफा डागत होते आणि दोघांपुढे गोळी लागून नस तुटलेले सैनिक होते.

वेळेचं गणित

आता हिशेब करू. नस मनगटापाशी तुटली तर पंज्यातले छोटे स्नायू सात-आठ सेंटीमीटरवर. सुरुवातीचे काही आठवडे तंतू कापाची जागा ओलांडण्यातच जातात, ते धरून तीन-चार महिने. कोपरापाशी तुटली तर तीसेक सेंटीमीटर, म्हणजे दहा-अकरा महिने. आणि मोटारसायकलवरून पडून मानेपाशीच नसांचं जाळं ताणलं किंवा उखडलं गेलं, तर तळहातापर्यंत सत्तर सेंटीमीटर. दोन वर्षं.

दोन वर्षं कळ काढायची माणसाची तयारी असते, स्नायूची नसते. नसेचा संबंध तुटलेला स्नायू सुकत जातो आणि वर्ष-दीड वर्षानंतर नस येऊन पोचली तरी तो तिला नीट जोडून घेत नाही. श्वान पेशींचीही तीच गत. तंतूची वाट बघत त्या काही महिने वाढीची प्रथिनं सोडतात, मग त्यांचा जोर ओसरतो. कॅनडात टेसा गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर हे पद्धतशीर दाखवलं. दोन्ही टोकं जितकी जास्त काळ एकमेकांवाचून राहतील, तितके कमी तंतू पलीकडे पोचतात.

म्हणजे नस वाढत नाही ही मुळात तक्रारच नाही. ती वाढते, पण उशिरा पोचते.

आपल्याकडे 'नसांच्या गोळ्या' म्हणून बी-१२ च्या गोळ्या आणि इंजेक्शनं सर्रास दिली जातात. शरीरात बी-१२ कमी असेल तर ती हवीतच, आणि शाकाहारी घरांमध्ये ते कमी असणं काही दुर्मीळ नाही. पण कापलेली नस त्याने जुळत नाही आणि गोळ्या खात घालवलेले महिने वरच्या हिशेबातून वजा होतात. कोणी सरळ सांगत नाही, म्हणून इथे सांगितलं.

इंग्लंडमध्ये हर्बर्ट सेडन यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जखमा पाहून १९४३ मध्ये नसेच्या इजेचे तीन प्रकार पाडले. पहिल्यात नस नुसती दबते, तंतू शाबूत असतात, काही आठवड्यांत आपोआप बरं होतं. दुसऱ्यात तंतू तुटतात पण नळी शिल्लक राहते. तिसऱ्यात सगळंच तुटतं. पहिल्या दोन प्रकारांत थांबून बघता येतं. कोयत्याचा, काचेचा, कडबाकुट्टीचा काप बहुतेक वेळा तिसऱ्यातला असतो आणि तिथं थांबण्यात अर्थ नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक टाके घालून टोकं जुळवतात. मध्ये तुकडा गेला असेल तर पोटरीमागची, थोडी जागा बधिर होण्याखेरीज फारसं नुकसान न करणारी सुरल नस काढून तिथं बसवतात. नस फार वर तुटली असेल तर जवळच्या धडधाकट नसेची एक फांदी वळवून स्नायूला देतात. क्रिस्तोफ ओबर्लां या फ्रेंच सर्जनने १९९४ मध्ये अल्नर नसेतली एक जुडी दंडाच्या बेटकुळीला जोडून कोपर वाकवण्याची शक्ती परत आणली. ही पद्धत आज भारतभर वापरली जाते. विचार तोच आहे: लांबून येणाऱ्या नसेची वाट बघू नका, जवळची घ्या.

कण्यातली इजा वेगळी का

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीत दगड-मातीच्या भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. वाचलेल्यांमध्ये मणका मोडून कमरेखालचं अंग लुळं पडलेली माणसंही होती. हाताची नस उशिरा का होईना वाढते, मग मज्जारज्जूत ती का वाढत नाही? औसा-उमरग्याच्या घरांमध्ये हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला गेला असेल.

काहालने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलं होतं, की प्रौढ मेंदू आणि मज्जारज्जूत नव्याने काही उगवत नाही. अनेक दशकं तेच ब्रह्मवाक्य मानलं गेलं. त्याला धक्का बसला १९८१ मध्ये. माँट्रियलला सॅम्युअल डेव्हिड आणि अल्बर्टो अग्वायो यांनी प्रौढ उंदराच्या पायातल्या नसेचा तुकडा काढून त्याचं एक टोक मेंदूच्या देठात आणि दुसरं मज्जारज्जूत बसवलं. मज्जारज्जूचे तंतू त्या तुकड्यात शिरले आणि तीनेक सेंटीमीटरपर्यंत वाढले. तुकड्यातून बाहेर पडून पुन्हा मज्जारज्जूत शिरायची वेळ आली, तेव्हा मात्र तिथंच अडले.

पेशीत वाढायची ताकद होती, भोवतालची परिस्थिती तिला वाढू देत नव्हती. या अडवणुकीचे गुन्हेगार मग एकेक करून सापडत गेले. झुरिकमध्ये मार्टिन श्वाब यांनी १९८८ मध्ये दाखवलं की मज्जारज्जूतल्या मायलिनमध्येच वाढ रोखणारी प्रथिनं असतात. त्यातलं एक पुढे नोगो नावाने प्रसिद्ध झालं. दुसरा अडथळा इजेच्या जागी बनणाऱ्या व्रणाचा. तिथल्या पेशी साखरेच्या लांब साखळ्या लावलेली काही प्रथिनं सोडतात आणि त्यांच्याशी गाठ पडली की वाढीचा शंकू आखडतो. २००२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये एलिझाबेथ ब्रॅडबरी आणि सहकाऱ्यांनी एका जिवाणूचं, या साखळ्या कातरणारं विकर (एन्झाइम) उंदराच्या जखमी मज्जारज्जूत सोडलं आणि उंदीर थोडे बरे चालू लागले. या विकराचं नाव कॉन्ड्रॉइटिनेज. अडचण एवढीच, की शरीराच्या तापमानाला ते फार दिवस टिकत नाही. पुन्हा पुन्हा टोचावं लागतं, आणि मज्जारज्जूत पुन्हा पुन्हा सुई घालणं कुणाला परवडणार?

विषाणूच्या हाती निरोप

इथं जनुकोपचार कामाला येतो. प्रथिन रोज बाहेरून देण्यापेक्षा ते बनवायची कृतीच जखमेतल्या पेशींना एकदा द्यायची, पुढे त्या बनवत राहतील. ही कृती म्हणजे जनुक. ते पेशीत पोचवायला विषाणू वापरतात, कारण पेशीत घुसून आपलं जनुक सोडणं हाच विषाणूचा धंदा. आजार करणारी जनुकं काढून टाकायची आणि हवं ते जनुक भरायचं. मज्जासंस्थेत दोन वाहक जास्त चालतात. एक अ‍ॅडिनो-असोसिएटेड विषाणू. हा लहान असतो, माणसात स्वतःचा असा आजार करत नाही, पण त्यात फार लांब जनुक मावत नाही. दुसरा लेंटिव्हायरस, एचआयव्हीपासून तयार केलेला. लुइजी नाल्दिनी, इंदर वर्मा आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की हा विभाजन न होणाऱ्या चेतापेशींमध्येही जनुक पोचवतो. एचआयव्हीचं नाव ऐकून दचकू नका. त्यात एड्स घडवणारा भाग उरलेला नसतो.

हा इतिहास सगळा गोड नाही. १९९० मध्ये अमेरिकेत एका चार वर्षांच्या मुलीवर पहिला मान्यताप्राप्त जनुकोपचार झाला. १९९९ मध्ये जेसी गेलसिंगर हा १८ वर्षांचा तरुण चाचणीदरम्यान विषाणूवाहकाला उसळलेल्या प्रतिकारशक्तीने गेला आणि हे क्षेत्र कित्येक वर्षं मागे पडलं. त्यातून सावरून २०१९ मध्ये स्नायू सुकवणाऱ्या स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीवरचं झोलजेन्स्मा अमेरिकेत मंजूर झालं. आपल्याकडे ज्यासाठी वर्गण्या जमवल्या गेल्या, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, तेच हे १६ कोटींचं इंजेक्शन. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, पाच रुग्णांवर लेंटिव्हायरसने केलेल्या जनुकोपचाराचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे हे तंत्र भारतात उतरलेलं आहे.

पण एक फरक लक्षात घ्या, बरेच जण इथं गोंधळतात. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीत बाळाकडे एक जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं, ते एकदा दिलं की आयुष्यभर चालू राहावं अशीच इच्छा असते. कोयता लागलेल्या माणसाच्या जनुकात काहीच बिघाड नसतो. त्याला जास्तीची मदत हवी असते, तीही ठरावीक मुदतीपुरती. ही मुदत किती, हा प्रश्न अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकाने धसास लावला.

योस्ट फेरहाखेन यांची तीन दशकं

योस्ट फेरहाखेन यांनी १९८० च्या दशकात नेदरलँड्समधल्या उत्रेख्तमध्ये संशोधन सुरू केलं ते बी-५० या प्रथिनावर. नस वाढत असते तेव्हा तंतूत ते भरपूर असतं, वाढ थांबली की घटतं. पुढे नाकातल्या वासाच्या चेतापेशींवर त्यांनी काम केलं, कारण त्या पेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. नंतर अ‍ॅमस्टरडॅमच्या नेदरलँड्स इन्स्टिट्यूट फॉर न्यूरोसायन्समध्ये त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली. १९९९ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की व्रणातल्या पेशी सेमाफोरिन नावाचं, तंतूंना हुसकावणारं प्रथिन बनवतात. त्याच काळात मज्जासंस्थेत जनुक पोचवणाऱ्या विषाणूवाहकांचं त्यांचं कामही चालू होतं.

मग त्यांनी मोटारसायकल अपघातातल्या सर्वांत वाईट इजेकडे मोर्चा वळवला. त्यात हाताच्या नसांची मुळं मज्जारज्जूतूनच उपटली जातात. लायडनचे न्यूरोसर्जन मार्टाइन मालेसी अशाच रुग्णांवर शस्त्रक्रिया करतात, त्यांच्यासोबत हा गट काम करत होता. उपटलेलं मूळ पुन्हा मज्जारज्जूत बसवता येतं, पण तोवर हालचालीच्या पेशी भराभर मरत असतात. त्यांना जगवणारं जीडीएनएफ नावाचं प्रथिन १९९३ मध्येच सापडलं होतं. उंदरांमध्ये बसवलेल्या मुळात लेंटिव्हायरसने जीडीएनएफचं जनुक घातलं.

पेशी वाचल्या. तंतूही जोमाने फुटले. पण पायापर्यंत पोचले नाहीत. जिथं जीडीएनएफ भरपूर होतं तिथंच ते वेटोळी घालून बसले. गाडीचे बैल वाटेतल्या हिरव्या चाऱ्याला लागले की आसूड ओढला तरी हलत नाहीत, तसं. खाणं एवढं मुबलक असताना पुढे कशाला जायचं?

निकाल इथवर आल्यावर बऱ्याच प्रयोगशाळा दुसऱ्या प्रथिनाकडे वळल्या असत्या. या गटाने प्रथिन तेच ठेवलं आणि ते बंद करायची सोय शोधली. डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैविक दिलं तरच चालू होणारा जनुकीय स्विच जीवशास्त्रात आधीपासून होता. पण त्या स्विचचं प्रथिन शरीराला परकं असतं, प्रतिकारशक्ती ते ओळखते आणि अशा पेशींनाच मारते. यावर तोडगा एप्स्टाइन-बार विषाणूकडून उसना घेतला. हा विषाणू आपल्या एका प्रथिनात ग्लायसिन आणि अ‍ॅलनिन या दोन अमिनो आम्लांची लांबलचक पुनरावृत्ती घालून प्रतिकारशक्तीच्या नजरेतून निसटतो. तीच पुनरावृत्ती स्विचच्या प्रथिनाला जोडली.

२०१९ मध्ये रूबेन एगर्स आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. जीडीएनएफ महिनाभर चालू ठेवून मग डॉक्सिसायक्लीन थांबवलं, तर जास्त पेशी जगल्या आणि अडकून न बसता जास्त तंतू लांबवर पोचले. कायम चालू ठेवलेल्या उंदरांत तसं झालं नाही.

याच जातीचा स्विच लंडनच्या ब्रॅडबरींनी कॉन्ड्रॉइटिनेजच्या जनुकाला लावला, फेरहाखेन यांच्या गटासोबतच. मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांमध्ये जनुक अडीच आठवडे चालू ठेवलं तर शिडीवर चालणं सुधारलं, पण पुढच्या पंजाने साखरेची गोळी उचलणं जमलं नाही. आठ आठवडे चालू ठेवलं तेव्हा तेही जमायला लागलं. हे २०१८ चं काम. म्हणजे हातापायाच्या नसेत महिन्याभराने बंद केलेलं बरं आणि मज्जारज्जूत दोन महिने चालू ठेवावं लागतं. एका प्रथिनाचं वेळापत्रक दुसऱ्याला लावून चालत नाही.

(डॉक्सिसायक्लीन आपल्या औषधाच्या दुकानात मिळतं, मुरुमांपासून स्क्रब टायफसपर्यंत वापरलं जातं. आधी पेशीत तो स्विच बसवलेला असेल तरच इथं त्याचा उपयोग. नुसती गोळी घेऊन नस वाढणार नाही.)

कुष्ठरोग आणि सहा महिने

मराठवाड्यात नसेच्या इजेबद्दल बोलायचं आणि कुष्ठरोग वगळायचा, हे मला पटत नाही. या रोगाचा जिवाणू हान्सेनने १८७३ मध्ये शोधला. तो थेट श्वान पेशींमध्येच मुक्काम करतो आणि शरीराच्या थंड भागातल्या, म्हणजे कोपर, मनगट, घोटा, चेहरा इथल्या नसा त्याला मानवतात. म्हणून कोपरामागे अल्नर नस जाड लागते का, हे डॉक्टर बोटांनी चाचपतात. अनुरा रामबुक्काना यांच्या गटाने २०१३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की हा जिवाणू श्वान पेशीचा स्वभावच बदलतो आणि तिला मूलपेशीसारखी करून पसरायला वापरतो. बहुऔषधी उपचाराने जिवाणू मरतो, पण नसेला सूज येऊन ताकद गेली तर स्टेरॉइड लागतात, आणि ते साधारणपणे सहा महिन्यांच्या आत दिले तर उपयोग होतो. न खाजणारा, न दुखणारा बधिर चट्टा असेल तर पुढच्या बाजाराची वाट न बघता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. औषध फुकट मिळतं.

आज काय हाती आहे

आजघडीला कापलेल्या नसेसाठी किंवा मज्जारज्जूच्या इजेसाठी मंजूर झालेला जनुकोपचार जगात कुठेही नाही. उंदराच्या मांडीतलं अंतर काही सेंटीमीटर, माणसाच्या हाताचं सत्तर. श्वाब यांच्या नोगो-विरोधी अँटिबॉडीची माणसांवरची मोठी चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, पण ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट तिने गाठलं नाही. काही रुग्णगटांत सुधारणेची चिन्हं दिसली, एवढंच. म्हणून कुणी मोठ्या शहरातल्या क्लिनिकची 'स्टेम सेलने मज्जारज्जू बरा' अशी जाहिरात दाखवली, तर एवढं ध्यानात असू द्या: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. जमीन विकण्याआधी चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा.

जखमेच्या दिवशी काय करावं, हे जनुकोपचारापेक्षा आज जास्त मोलाचं आहे. टाके घालण्यापूर्वी, बधिर करण्याचं इंजेक्शन देण्याआधी, बोटांच्या टोकांना स्पर्श कळतो का आणि बोटं फाकतात का हे बघायला सांगा. नंतर बघितलं तर बधिरपणा इंजेक्शनचा की नसेचा, हे कळत नाही. धारदार काप असेल आणि बोट बधिर असेल तर काही दिवसांत अंबाजोगाई, लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयात प्लास्टिक सर्जन वा ऑर्थोपेडिक सर्जनकडे पोचायला हवं. अपघातात हात ताणला गेला असेल तर नस तपासायची विद्युत चाचणी साधारण तीन-चार आठवड्यांनी करतात, त्याआधी ती फसवी येऊ शकते. तीन महिन्यांत हालचालीची काहीच चिन्हं दिसली नाहीत तर शस्त्रक्रियेचं बोलणं व्हायलाच हवं, सहा महिन्यांपलीकडे ढकलू नये. दरम्यान बधिर हाताला चुलीचा चटका बसला तरी कळत नाही, तवा आणि बिडी दोन्ही चांगल्या हातात धरायची. वळलेल्या बोटांना पट्टी बांधून सरळ ठेवायचं आणि सांधे रोज हाताने हलवायचे, नाहीतर नस येईल तेव्हा सांधा आखडलेला असेल.

आपल्या जिल्ह्याच्या गावी या सगळ्यातलं आधी काय पोचेल, असं मला विचाराल तर जनुकोपचारावर मी पैज लावणार नाही. टेसा गॉर्डन यांच्याच कामातून एक साधी युक्ती निघाली आहे: शस्त्रक्रियेनंतर लगेच, त्या नसेला सेकंदाला २० वेळा असा सौम्य विद्युत ठोका तासभर द्यायचा. उंदरांत त्याने तंतूंचा प्रवास लवकर सुरू होतो. माणसांमध्ये मनगटातली दबलेली मीडियन नस मोकळी केल्यावर आणि बोटांच्या कापलेल्या नसा जोडल्यावर छोट्या चाचण्या झाल्या, त्यांतही फायदा दिसला. त्याला विषाणू लागत नाही, १६ कोटी लागत नाहीत. एक छोटं यंत्र, दोन बारीक तारा आणि शस्त्रक्रियेनंतरचा एक तास लागतो.